पुरावा म्हंजे वाटणी न्हाई

आये, घाटघरातनं तुझी स्नेहल पाया पडते.

रातभर डोळा लागला न्हाई. बाळ गुणी हाय, त्याचं काय न्हाई. काल आपला आदेश हितं माझ्याकडं आला व्हता. अण्णांनी पोटच्या पोराला घराबाहेर काढलं म्हनला.

त्यो इतिहास शिकतोय. मारुतीपुढच्या वीरगळाच्या दगडावर कोरलेला गडी आपलाच पूर्वज, ह्याला पुरावा काय, एवढंच त्यानं इचारलं. अण्णांना पुरावा म्हंजे कोर्टातलाच म्हाईत. त्यांना वाटलं, पोरगा जमिनीची वाटणी मागतोय.

आदेशनं अडीचशे वर्सांमागचा एक इंग्रज पोरगा सांगितला. धर्म बदलला म्हणून बापानं त्याला परमुलखात धाडलं. तिथं पुस्तकं वाचून वाचून, "हे खरं कशावरून?" इचारायला शिकला, लई मोठा इतिहासकार झाला.

मी म्हनलं, "बापानं परत बोलावलं का रं?"

"बोलावलं की, पाच वर्सांनी."

भाकरीला हात न लावता नाणेघाटाकडं गेला. तिथला कडा लई खोल हाय, आये. ह्यांनी अंधार पडस्तोवर हुडकलं, गावला न्हाई.

तुझी कंबर कशी हाय?

हितं रेंज न्हाई, मला बाळंतिणीला उंबरा वलांडू देत न्हाईत. चिठ्ठी एसटीच्या कंडक्टरकडं देते. जे कुनी आयेला ही वाचून दाखवाल, अण्णांना पुरावा म्हंजे काय ते मागनं सांगा. आधी माझ्या भावाला, आदेशला, फोन लावा.