आतली टीप

४ जून

ती. ताईस,
धाकटीचा सा. न. वि. वि.

तुझ्या भाच्याचं वजन दोन महिने जागचं हललेलं नाही. जन्मला तेव्हा तूच त्याला ठोंब्या म्हणालीस; आता त्या नावाने हाक मारताना जीभ अडखळते. काल त्याच्या वाढत्या मापाने शिवलेल्या झबल्याला आतून टीप घालून ते अरुंद केलं. कारखान्यात दिवसभर लोकांचे कपडे शिवते, पण असलं उलटं काम कधी केलं नव्हतं. लोकांची पोरं वाढतात म्हणून झबली उसवावी लागतात.

घरात दोन पक्ष आहेत. मी संध्याकाळी उकडलेल्या बटाट्याचे, गाजराचे तुकडे त्याच्या हातात देते. आपलं आपण खाल्लं की मूल शहाणं होतं, असं पालकांच्या शिबिरात ऐकलंय. निम्मं जमिनीवर जातं. शेजारणीच्या कुत्र्याने चांगलं बाळसं धरलंय. ह्यांना तुकडे बघवत नाहीत. एकदा ठोंब्याला ठसका लागला तेव्हा त्याच्याहून हेच निळे पडले. रंगकामाच्या शिडीवरून पडल्यापासून हे घरीच, पाय प्लास्टरमध्ये. तेव्हा दिवसाचं भरवणं ह्यांच्याकडे. मी सकाळी डाळभात कुस्करून ठेवते. परतते तेव्हा वाटी स्वच्छ. मग खाल्लेलं जातं कुठे, ताई?

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पंधरवड्यात काटा हलला नाही तर दवाखान्यात ठेवून नाकातून नळी घालावी लागेल. मला काही सुचत नाही. तू दोन वाढवलीस, काहीतरी सांग.

तुझ्या पत्राच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
धाकटी

८ जून

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मला घास उतरला नाही, आणि ही केवढी मोठी गोष्ट आहे ते माझा घेर पाहिलेल्या कुणालाही कळेल.

शिबिरवाल्यांना म्हणावं, शहाणपण पोट भरल्यावर येतं. तुकडे दे, पण त्यावर विसंबू नकोस. आणि माझं डोकं तुझ्या वेगळ्याच वाक्यावर अडकलंय. आठ महिन्यांच्या पोराची वाटी स्वच्छ? माझे दोघे कपाळापासून कोपरापर्यंत माखायचे. डाळभात वाटीला चिकटतो, बये. चिकटत नाही ते पाणी. एखाद्या दुपारी न सांगता घरी जा आणि रंगारीबुवांच्या हातातला चमचा उलटा कर. खाली पडलं, तर ओरडण्याआधी का ते विचार. तुझी जीभ माझ्याच वळणाची, म्हणून सांगते.

लोभ मागू नकोस, तो आहेच.
ताई

१२ जून

ती. ताईस सा. न.

चमचा उलटा केला. माझ्या कोपरापर्यंत ओघळलं.

ह्यांचं म्हणणं, कुठल्याही भिंतीला रंगाचा पहिला हात पातळच द्यायचा असतो. जाड दिला तर पोपडे येतात. पोराच्या पोटालाही हे पातळच देत होते, आणि ठसका लागल्यापासून त्यात आणखी पाणी. दुसरा हात कधी देणार होता, असं मी विचारलं. हे म्हणाले, पहिला वाळू दे, वाळू दे, असं रोज स्वतःला सांगत राहिलो. मग रडायला लागले. माझं ओरडायला उघडलेलं तोंड तसंच मिटलं. पोर पाण्याने पोट भरत होतं आणि आम्ही दोघं कुणाची पद्धत बरोबर म्हणून भांडत होतो.

आता घट्ट कुस्करतो, वर तेलाची धार, कधी अंडं. तो तोंड फिरवतो, थुंकतो. उशीर तर झाला नसेल ना, ताई?

तुझी घाबरलेली,
धाकटी

२० जून

ती. ताईस सा. न.

काटा हलला. इतका थोडा, की डॉक्टरीणबाईंनी पोराला उचलून पुन्हा ठेवून पाहिलं. नळी लांबणीवर पडलीय, टळलेली नाही.

हे आता चमचा उलटा करून मला दाखवतात, मगच भरवतात. भिंतभर डाळीचे शिंतोडे उडालेत. रंगारी असून पुसत नाहीत.

आज आंघोळीनंतर झबलं ठोंब्याच्या बगलेत अडकलं. मी कात्री घेतली आणि आतली टीप उसवली. अर्धीच. बाकीची उसवायची वेळ येऊ दे, एवढं माझ्यासाठी माग.

लोभ आणि लक्ष, दोन्ही असू दे.

तुझी,
धाकटी