मनाई केलेलं नाव

५ मे, सोमवार

राजधानी लुसाकाहून पहाटेची बस, अकरा तास. कसामाला उतरले तेव्हा ऊन होतं आणि हवा थंड, कोरडी. कॉफी उत्पादकांच्या संस्थेची कचेरी छोटी आहे. पोत्यांचं गोदाम, त्याला लागून एक लांब खोली, निळ्या खिडक्या. सात माणसं, सात संगणक. भिंतीपाशी आठवं टेबल रिकामं होतं, ते मला मिळालं.

आल्या आल्या मी बा मुकुका झाले. सव्विसाव्या वर्षी नावाआधी मानाचं बा लागलं की पाठ आपोआप ताठ होते. नोंदी ठेवणाऱ्या बाना म्वापे, म्हणजे म्वापेची आई, उकडलेली रताळी घेऊन आल्या आणि खोलीला उद्देशून म्हणाल्या, आली बघा राजधानीची कुलूपवाली, आपापली पापं झाकून घ्या. सगळे हसले. मीही. मला इथे आवडणार आहे.

७ मे

काम साधं आहे. पासवर्डचे नियम कडक करायचे. गेल्या वर्षी दुसऱ्या शाखेच्या संगणकात कुणी परका शिरला आणि शेतकऱ्यांच्या याद्या पुसून गेला. म्हणून आता किमान बारा अक्षरं. एक आकडा, एक चिन्ह. स्वतःचं नाव चालणार नाही. मागचे दहा पासवर्ड पुन्हा चालणार नाहीत. शिवाय मनाई केलेल्या शब्दांची एक यादी असते. ती मी भरायची.

बा कटोंगो कॉफीची प्रत ठरवतात, सगळ्यांत वडीलधारे. म्हणाले, बारा? अगं, देवाचंसुद्धा दहा आज्ञांत भागलं.

संध्याकाळी जुने पासवर्ड तपासून पाहिले. सातही कच्चे निघाले. त्यात नवल नाही. नवल हे की सातांतही एकच शब्द आहे, चिसांगा. पुढचे आकडे तेवढे निरनिराळे.

८ मे

विचारलं. मग बाना म्वापेंनी सांगितलं.

चिसांगा तीस वर्षं या खोलीत काम करत होती. चार वर्षांपूर्वी गेली. माणूस गेलं की त्याचं नाव घरातल्या कुणीतरी घ्यायचं, पाणी प्यायचं, मणी बांधायचे. मग ते भटकत नाही. माझ्या आजीनेही तिच्या मावशीचं नाव असंच घेतलं होतं. चिसांगाचं कुणीच नव्हतं. ती इथेच फिरू लागली, खुर्च्यांच्या मागून, भर दुपारी. तेव्हा सातांनी तिचं नाव वाटून घेतलं. रोज सकाळी प्रत्येकाने एकदा टाइप करायचं. सातवा हिस्सा प्रत्येकी. कुणा एकावर भार नाही.

मी म्हटलं, दफनाच्या दिवशी हे मला मान्य आहे, यंत्रात नाही. एकाचा पासवर्ड कळला की सातही गेले. शब्द यादीत घातला.

बा कटोंगो म्हणाले, पोरी, सात घरांतून हाकललंस, तर ती आठवं घर बघेल. मी म्हटलं, बघू दे.

१२ मे

सातांनीही पासवर्ड बदलले. खोली मोकळी वाटते. कुणीतरी गुणगुणत होतं. बाना म्वापे म्हणाल्या, चार वर्षांनी खांदे हलके झाले.

मी नियमाची चाचणी घेतली. माझ्या खात्यातून चिसांगा टाइप केलं. उत्तर यायला हवं होतं की हा शब्द यादीत आहे. आलं ते वेगळंच. पासवर्डमध्ये स्वतःचं नाव वापरता येणार नाही.

१३ मे

खात्यावर नाव माझंच आहे. तीनदा पाहिलं. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं. तेच उत्तर.

मग मुकुका टाइप केलं, पुढे आकडे, चिन्ह. हे नाकारलं जायला हवं. हिरवी खूण आली. एखाद्या परक्या बाईचं नाव असावं तसं यंत्राने ते घेतलं.

नियम मी लिहिला आहे. चूक मी शोधेन.

१५ मे

चूक नाही.

बाना म्वापेंनी चहा ठेवला. म्हणाल्या, घ्या बा चिसांगा. मी म्हटलं, मुकुका. त्यांनी इथल्या रीतीने हळूच टाळ्या वाजवून माफी मागितली. तासाभराने पुन्हा तेच.

दुपारी आईला फोन केला. बराच वेळ बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि अदबीने विचारलं, बाई, आपण कोण बोलताय?

मी ओरडले. नाव तिला ओळखू आलं नाही. ओरडणं आलं.

१६ मे

बा कटोंगो खुर्ची ओढून समोर बसले. म्हणाले, दोन वाटा आहेत. एक, नियम काढ, आपण आठजण मिळून वाहू, आठवा हिस्सा तुझा. नाहीतर शनिवारी रीतसर नाव घे. चांगली बाई होती, कमीपणा नाही त्यात. ते मायेने बोलत होते. म्हणून जास्त भीती वाटली.

दोन्हींना नाही म्हटलं. आठवा हिस्साही नाही. मी नोकरीला आले आहे, वारसा घ्यायला नाही. मेलीला कुणी विचारलं नसेल, मला विचारावं लागेल.

ते म्हणाले, हट्टी आहेस. तीही होती.

१९ मे

अक्षर कललं आहे. पेन डाव्या हातात — कधी घेतलं?

बाना म्वापे म्हणतात, ती डावखुरी होती.

आता उजव्या हाताने लिहिते आहे. वाकडं येतंय. येऊ दे, हात माझा आहे.

नियम राहील.

२० मे

सुचलं. नियम नुसती मनाई करत नाहीत, सक्तीही करता येते. प्रत्येक पासवर्डमध्ये अमुक शब्द हवाच, असा नियम. शब्द — माझं नाव. सातजण रोज सकाळी मला टाइप करतील. तिला वाहिलंत, आता मला वाहा.

याहून कच्चा नियम कुणी केला नसेल. कामावरून काढतील. काढू देत. पत्रावर माझं नाव तरी लिहावं लागेल.

बा कटोंगो म्हणाले, जिवंत माणसाचं नाव असं वाटत नसतात. मी म्हटलं, जिवंत म्हणालात ना? मग झालं.

२१ मे, सकाळ

सातही आले. बसले. कुणी हसत नाही.

पडद्यावर चौकट. सक्तीचा शब्द. रिकामी. ती मी भरायची.

डावा हात मांडीखाली दाबून ठेवला आहे. ओढतो — ओढू दे.

बाना म्वापे विचारतात, बाई, शब्द कोणता ते सांगा ना. विसरल्या. हरकत नाही. त्या विसरल्या तरी मी —

बा कटोंगो म्हणतात, बोल पोरी, बोटं तयार आहेत. खरंच, सातांचीही.

आधी इथे लिहिते. मग उभी राहून मोठ्याने. घाई नाही. घाई तिला असेल. लिहिते. उजव्या हाताने, एकेक अक्षर. माझं नाव —