कमानीच्या तीन गाठी

खोयनित्से,
१९ मे २०२४

प्रिय कालिना,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. मी बरी आहे, हवा बदलली की गुडघा कुरकुरतो एवढंच. तुझ्या बाबांनी काचघरात टोमॅटो लावलेत आणि ते माझ्यापेक्षा त्यांच्याशीच जास्त बोलतात. खसखशीचा केक वेगळा पाठवलाय. माझ्या लाडक्या नातीच्या, इगाच्या हाती लागण्याआधी स्वतःसाठी एक तुकडा कापून ठेव.

जुलैत इगाला माझ्या स्काउट पथकाच्या उन्हाळी तळावर पाठवू का, असं तू विचारलंस. "दहा वर्षांची झालीय, डावखुरी आहे, हट्टी आहे. तूच सांग आई." उत्तर एका ओळीचं, पण मी पाच दिवस कागद पुढ्यात घेऊन बसलेय. नमनालाच घडाभर तेल जाणार, तेव्हा आधी दुसरं सांगते.

गेल्या आठवड्यात मी प्रशिक्षणाला जाऊन आले. हसू नकोस. आता जुन्या पथकप्रमुखांनाही नव्याने शिकणं सक्तीचं केलंय. तीस उन्हाळे तळ चालवलेल्या बाईला शिकवणार कोण, तर साबिना नावाची सव्वीस वर्षांची मुलगी. मी तोंड वाकडं करूनच गेले. शेजारच्या खुर्चीत झेनोन होता, अग्निशामक दलातून निवृत्त, नातवासाठी स्वयंसेवक झालेला. पहिल्याच तासाला माझ्या कानाशी म्हणाला, "ताई, इथे कॉफी तरी बरी मिळते का?"

दुसऱ्या दिवशी साबिनाने आम्हाला तळ्याकाठी नेलं. तिथे सहा मुली वासे आणि सुतळी घेऊन तळाची कमान उभी करणार होत्या. आम्ही मोठ्यांनी दोन तास हात पाठीमागे धरून उभं राहायचं. मुलींनी विचारलं तरच बोलायचं. एवढंच काम.

कालिना, इतकं अवघड काम मी आयुष्यात केलं नव्हतं. डावीकडचा वासा ढिला होता, मला वीस पावलांवरून दिसत होतं. माझा हात आपोआप पुढे गेला. झेनोनने मनगट धरलं. "बाई, मी आगीत शिरलेला माणूस आहे, पण तुमची तडफड बघवत नाही. उभ्या राहा की गप."

कमान पडली. मुली आधी दचकल्या, मग पोट धरून हसल्या. त्यांतली एक म्हणाली, "चला, पुन्हा." दुसऱ्यांदा ती वाकडी उभी राहिली, पण राहिली. सगळे तिच्याखालून गेले, झेनोन तर ऐटीत मान वाकवून. मी मात्र भांडी घासायच्या नळाशी जाऊन रडले. साबिना मागून आली. "कुणाची आठवण आली, ताई?"

"मुलीची," मी म्हणाले.

आता लिहितेच. दोन हजार पाचचा उन्हाळा. तू चौदा वर्षांची, पहिल्यांदाच तुकडीची प्रमुख झालेली. तुमच्या कमानीची पाहणी सकाळी होती. मी पहाटेच उठले, कमान हलवून पाहिली, आणि तिच्या तीन गाठी सोडून पुन्हा बांधल्या. पथकप्रमुखाची पोर तोंडावर पडली तर लोक काय म्हणतील, हे माझ्या मनात होतं. तुझ्या भल्यासाठी केलं असं मी स्वतःला कित्येक वर्षं सांगत आले, ते खोटं होतं.

तुमच्या तुकडीला निशाण मिळालं. मुली तुला खांद्यावर घेत होत्या, तेव्हा तू एका गाठीवर बोट फिरवलंस. तू डावखुरी, तुझे सुतळीचे वेढे नेहमी उलटे पडायचे. या तीन गाठींचे वेढे सुलटे होते. तू माझ्याकडे बघितलंस. मी पातेल्यातलं सूप ढवळत राहिले.

घरी आल्यावर तुकडीप्रमुखाच्या हुद्द्याचा तपकिरी गोफ तू खांद्यावरून काढून पावाच्या फळीशेजारी ठेवलास. "अभ्यास वाढलाय," म्हणालीस. मला खरं माहीत होतं. तू तेवढ्यावर सोडलंस म्हणून मला बरंही वाटलं, याची सगळ्यात जास्त लाज वाटते. त्यानंतर एकोणीस वर्षं आपण एकमेकींशी किती सभ्यपणे बोललो.

माझं चुकलं, कालिना. तुझी कमान पडली असती तर तू पुन्हा बांधली असतीस. तेवढा विश्वास मी ठेवला नाही, आणि तू दुखावलीस, पथक सोडून गेलीस. मला माफ कर, किंवा तूर्तास करू नकोस, पण तू पथक का सोडलंस हे मी तेव्हाच ओळखलं होतं, ते तुला कळायलाच हवं होतं.

स्वभावाला औषध नाही म्हणतात. इगाच्या गाठीकडे माझा हात जाणारच नाही, असं वचन देणार नाही. गेला तर साऱ्या तळासमोर मला थांबव, असं मी माझ्या उपप्रमुखाला सांगून ठेवलंय. ती वीस वर्षांची आहे आणि हे काम तिला भलतंच आवडलंय.

प्रवेशाचा अर्ज सोबत आहे. तुला माझी खोड ठाऊक आहे, शाळेपासून तुझे सगळे अर्ज मीच भरायचे, अक्षर चांगलं दिसावं म्हणून. हा कोरा आहे. इगाचं नावसुद्धा मी घातलेलं नाही.

हात पाठीमागे धरून उभी असलेली,
तुझी आई