डब्यातली पावडर आणि ताईची सही

तीर्थस्वरूप ताईस धाकट्याचा वाकून नमस्कार.

वि. वि. इकडे सगळं खुशाल आहे असं लिहायला घेतलं होतं, पण माझं खोटं तुला पहिल्या ओळीतच पकडता येतं, म्हणून खोडलं. (खोडलेलं वाचता येत असेल तर वाचू नकोस.) दाजींचा गुडघा काय म्हणतो? तुझी सर्दी? प्रयोगशाळेत स्वेटर घालत जा, शास्त्रज्ञ झालीस म्हणून नाक काही वेगळं मिळत नाही. हे पत्र एका नऊमजली इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीनखोलीत बसून, तपासणीच्या फॉर्मच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहितोय. घरी लिहिण्याची सोय नाही.

आधी मुद्द्याचं सांगतो. पिटुकलीचं वजन घटतंय. अडीच वर्षांची पोर आणि तीन आठवड्यांत सातशे ग्रॅम! तुला माहीतच आहे, तिला दूध सोसत नाही, अंगभर गांध्या उठतात, म्हणून डॉक्टरांनी सोयाबीनची पावडर लावून दिली. जेवणाशी तिचं हाडवैर, पण पेला मात्र गटागट. वर्षभर त्याच्यावरच टुणटुणीत होती. आता गाल उतरलेत. जिना चढताना मधेच बसते आणि 'पाय दमले' म्हणते. सकाळी फ्रॉक घालताना ही तिच्या बरगड्यांवरून बोट फिरवत राहते, आणि मी बाहेरच्या खोलीत जाऊन पुसलेलेच बूट पुन्हा पुसतो.

माझ्या डोक्यात किडा शिरला तो पाळणाघराच्या पालकसभेत. तिथे मोठ्यांसाठी खुर्च्या नाहीत. वीतभर उंचीच्या लाल-पिवळ्या खुर्च्यांवर, गुडघे कानाला लावून, आम्ही अठरा पालक मानवजातीच्या भवितव्याची चर्चा करत होतो. एक दाढीवाले गृहस्थ पत्रकं वाटत होते. वर डोळे असलेल्या टोमॅटोचं चित्र (टोमॅटो माझ्यावरच रागावलेला वाटला) आणि खाली प्रश्न, 'तुमच्या मुलाच्या पेल्यात काय आहे?' त्यांचं म्हणणं असं की बरंचसं सोयाबीन आणि मका आता जनुकं बदलून पिकवतात, पाकिटावर ते लिहिलेलं असेलच असं नाही, आणि पन्नास वर्षांनी काय होईल ते कुणी पाहिलंय? प्रश्न बिनतोड होता. मी तरी नाही पाहिलेलं. मग कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एक आई उठल्या (त्यांच्याबरोबर खुर्चीही उठली) आणि शांतपणे म्हणाल्या की जनुकं प्रत्येक भाजीत, प्रत्येक फळात असतातच, आपण ती रोज खातो. बदललेल्या पिकांची एकेक करून तपासणी होते. आणि लेबल हवं असं म्हणणं वेगळं, विष आहे असं म्हणणं वेगळं. झालं! बाई धीर द्यायला गेल्या आणि अर्धी सभा जास्तच हादरली. म्हणजे साध्या काकडीतसुद्धा? दुसऱ्या दिवशी पाळणाघराच्या फळ्यावर सूचना झळकली : 'पालकांनी मुलांच्या डब्यात जनुकं पाठवू नयेत.' तू हसशील. मी हसलो नाही. मी घरी येऊन पिटुकलीच्या पावडरीच्या डब्यावरची बारीक अक्षरं भिंगातून वाचली, आणि तिथे याबद्दल चकार शब्द नव्हता, त्यामुळे तर माझी खात्रीच पटली.

त्यात त्या पत्रकात, या सोयाबीनवरच्या तुमच्या समितीच्या अहवालाचं शेवटचं पान छापलेलं. खाली सह्या, आणि तिसरी सही कुणाची? माझ्या सख्ख्या बहिणीची! मी तो चौऱ्याहत्तर पानी अहवाल मागवून दोनदा वाचला (पहिल्यांदा झोप लागली होती). शेवटी तुम्ही लिहिता, 'उपलब्ध पुराव्यांनुसार नेहमीच्या सोयाबीनपेक्षा अधिक धोका आढळला नाही.' ताई, 'आढळला नाही' म्हणजे काय गं? नाहीच, की शोधणाऱ्याला दिसला नाही? लहानपणी माझी चप्पलही तुला कधी आढळायची नाही, आणि ती तुझ्याच पलंगाखाली असायची.

आता तू म्हणशील, तुम्ही लिफ्टवाले मोठे काय लिहिता? मान्य. आम्हीही 'तपासणीच्या दिवशी दोष आढळला नाही' असंच लिहितो, खाली माझी सही असते, आणि तो कागद काचेत घालून लिफ्टमध्ये टांगतात. मागच्या महिन्यात याच इमारतीतल्या सातव्या मजल्यावरच्या आजींनी मला गाठलं. शंभर टक्के हमी देतोस का, म्हणाल्या. मी त्यांना समजावलं की दोर सहा असतात, भार एकटा दोरही पेलतो, सगळे तुटले तरी रुळांवर पकड बसून लिफ्ट जागीच थांबते. आजींनी सगळं नीट ऐकून घेतलं, माझ्या पाठीवरून हात फिरवला, आणि दोन्ही हातांत पिशव्या घेऊन जिन्याने चालू पडल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वीस वर्षं मी दोराला लोंबकळून हे काम करतोय, आणि कुठलंसं काहीतरी ऐकून या बाई सात मजले चढणार? माणसानं कुणावर तरी विश्वास ठेवायला नको? (हे सगळं मी त्याच संध्याकाळी हिला हातवारे करून सांगितलं, आणि सांगता सांगताच फळीवरची पाकिटं खाली काढत होतो.)

त्या दिवशी मक्याचं पीठ गेलं, तेल गेलं, बिस्किटं गेली. हिने सगळं सोसलं. 'यांची ही लहर आठवडाभर टिकेल,' असं तिला शेजारणीला सांगताना मी ऐकलं. पण एक गोष्ट तिने मला समोर उभं करून बजावली : पिटुकलीच्या डब्याला हात लावायचा नाही.

परवा डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पोट दाबलं, डोळे पाहिले, वजनाचा तक्ता पाहून भुवया वर केल्या. खाण्यापिण्यात काही बदल केलाय का, म्हणून विचारलं. ही म्हणाली, छे हो, तोच डबा, तेच चमचे, पण हल्ली निम्मा पेला ओतून टाकावा लागतो. मी तेव्हा भिंतीवरचं दातांचं चित्र फार बारकाईने पाहत होतो. गुरुवारी रक्त काढायचंय. त्यात काही निघालं नाही तर पुढे आणखी तपासण्या, कदाचित नळी घालून. बाहेर पडल्यावर ही रस्त्यातच रडायला लागली. 'माझंच काहीतरी चुकतंय' म्हणाली. मी तिला रुमाल दिला.

तेव्हा तुला विचारायचं ते एवढंच : त्या सोयाबीनमुळे लेकराचं वजन घटू शकतं का? 'उपलब्ध पुरावे' वगैरे नको, भावाला सांगतात तसं सांग. दाजींना नमस्कार. स्वेटर विसरू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. एक बारीकसा तपशील लिहायचा राहिला. सभेच्या आठवड्यातच मी डब्यातली पावडर काढून तिथे ओट्सचं दळलेलं पीठ भरलं. रंग अगदी तोच. सोयाबीनची पावडर माझ्या हत्यारांच्या पिशवीत आहे. म्हणजे वरच्या प्रश्नात थोडी अडचण आहे : पोरीने तीन आठवडे सोयाबीन घेतलेलंच नाही.

आणखी ता. क. आता खरं काम. गुरुवारच्या आत हिला फोन कर आणि सहज बोलता बोलता सांग, की डबा खराब निघाला असेल, फेकून नवा आण. माझं नाव येऊ देऊ नकोस. तुझा शब्द ती मानते. एवढं कर, जन्मभर उपकार विसरणार नाही.

शेवटचा ता. क. फोन करू नकोस. पत्र पिशवीत तसंच राहिलं आणि मी घरी गेलो. ही पिटुकलीला गुरुवारची तयारी म्हणून सुई-सुई खेळायला शिकवत होती. मला पाहिल्यावर पोरगी चमचा घेऊन आली, माझी बाही वर केली, चमच्याची दांडी दंडावर टेकवली आणि वर फुंकर घातली. 'बाबा, रडायचं नाही. झालंच.' मग मी तिथेच, जमिनीवर बसून, हिला सगळं सांगितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उठली, चपला घातल्या, दुकानातून नवा डबा आणला आणि माझ्यासमोर ठेवला. 'तुम्ही करा,' एवढंच म्हणाली. डॉक्टरांना तिनेच फोन केला. आठ दिवस पाहू म्हणाले, रक्त तूर्त नाही.

ताई, तुझ्या चौऱ्याहत्तर पानांवर माझा अजूनही पुरता विश्वास बसलेला नाही, खोटं कशाला बोलू. मी पाणी उकळलं, चमचे मोजले, पेला दिला. तिने तो दोन्ही हातांनी धरून एका दमात संपवला आणि म्हणाली, अजून. दुसरा करताना मी डब्यावरची बारीक अक्षरं पुन्हा एकदा वाचली. तरी केला.