रविवारपर्यंतच्या खुणा

चि. दिव्या,
अनेक आशीर्वाद.

गुरुवारी दिघीला तुझ्या घरी आलो, तेव्हा फ्रिजवरच्या गोळ्यांच्या तक्त्यात थेट रविवारपर्यंत बरोबरच्या खुणा होत्या. सगळ्या एकाच पेनाच्या, एकाच हाताने ओढलेल्या. चाकणच्या कारखान्यात एकतीस वर्षे मी गुणवत्ता तपासली. शिफ्ट संपताना एका दमात भरलेली चेकशीट मला लांबूनही ओळखता येते. मी विचारले, तर तू हसलीस. "बाबा, हे घर आहे, कंपनी नाही!"

म्हणून पुन्हा नीट समजावतो. वजनासाठी तुझे जठर कापून लहान केले. अन्नातले बी-बारा शोषायला लागणारे रस आता पुरेसे तयार होत नाहीत, म्हणून ही गोळी जन्मभराची. शरीराची योजना तर बघ! यकृतातला साठा कित्येक महिने पुरतो, त्यामुळे गोळ्या चुकल्या तरी काहीच जाणवत नाही. मग हळूहळू नसा दुखावतात. परवा जिन्यापाशी तुझी चप्पल पायातून निसटली आणि तू चार पावले तशीच चालत गेलीस. तुला कळलेच नाही. माझा संशय तिथेच पक्का झाला.

पण त्याच तक्त्यात 'तपासले' या रकान्यात माझी सही आहे. गावी जाताना महिनाभराच्या सह्या मीच आगाऊ करून ठेवल्या होत्या. त्यामुळे हे पत्र तुला पाठवण्याचे तोंड मला उरलेले नाही.

उद्या सकाळी मीच येतो. दोघे जाऊन रक्त तपासून घेऊ. रक्तात आगाऊ खूण करता येत नाही.

तुझे,
बाबा