पहिला घाव

प्रिय सुबोध,

माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. स्पीडपोस्टानं टाकतोय, परवापर्यंत पुण्यात पोचेल. आधी कामाचं लिहितो. काल उत्कर्षाशी बोलणं झालं. तुमच्या उर्वीच्या हृदयाचं ऑपरेशन चौदा तारखेला ठरलं होतं, ते तुम्ही तुझ्या आईच्या वर्षश्राद्धानंतर करायचं ठरवलंत म्हणे. डॉक्टर महिन्याच्या आत उरका म्हणताहेत आणि वर्षश्राद्धाला अजून दोन महिने आहेत. याचं कारण मी आहे, हे मला ठाऊक आहे. गेल्या आठवड्यात उत्कर्षानं विचारलं, आबा, वर्षाच्या आत केलेलं चालेल ना? आणि मी, तीस वर्षं देवळात पोथी सांगणारा शहाणा, चष्मा पुसत पुसत म्हणालो, वर्ष होऊ दे. नुसत्या सवयीनं तोंडातून गेलं. तू भांडशील असं वाटलं होतं. तू भांडला नाहीस, हे काल कळलं.

तू असा नव्हतास रे. लहानपणी देवळात पहिल्या रांगेत बसून पेंगायचास, आणि घरी येताना नेमका वाकडा प्रश्न विचारायचास. उलट्या पिंपळाचा अध्याय आठवतोय का तुला? मुळं वर, फांद्या खाली, उद्या असेल की नाही याचा भरवसा नाही असं ते झाड. म्हणजे आपला संसार. ते वैराग्याच्या कुऱ्हाडीनं तोडायचं, असं मी दर वर्षी सांगायचो आणि बायका माना डोलवायच्या. एकदा तू विचारलंस, मग देवळामागचा पिंपळ आपण का नाही तोडत? मी तुला गप्प बसवलं. माणूस धान्यासारखा पिकतो आणि गळतो, हेही मी झोकात सांगायचो. पिकल्या काकडीवर तर विचारूच नकोस. देठाला धक्का न लावता ती जशी सुटते तसं आपल्याला सुटता यावं, असं मागणं आहे ना जपात, त्यावर अर्धा तास बोलायचो. शेंदाडासारखी रानकाकडी पिकली की हात लावायच्या आत वेल सोडते, हा माझा हुकमी दाखला तुझ्या आईकडून उसना घेतलेला होता. ती वळसंगच्या शेतात वाढलेली, मी शाळामास्तर. मला काय कळतंय वेलीतलं! तिनं कधी चारचौघांत मला उघडं पाडलं नाही. घरी आल्यावर फक्त हसायची.

ती गेल्यावर लोक भेटायला आले आणि माझंच मला ऐकवून गेले. सर, पिकलं पान, गळायचंच. चौसष्ट म्हणजे काय पिकणं झालं? तिच्या हाताला घट्टे होते, दात सगळे शाबूत होते, कडक भाकरी शेंगाचटणीबरोबर करकरा खायची. ती पिकून सुटली नाही, सुबोध. ओरबाडली गेली. त्या दिवसापासून मी पोथीवर बसतो खरा, पण झाडाचं नाव आलं की पान उलटतो. परवा मुक्ताबाई म्हणाल्या, सर, तुमी हल्ली लई पानं सोडता की. मी डोळ्यांवर ढकललं.

आणि सळसळ ऐकू येते. तेराव्याला तू गच्चीवर चढून टाकीपाशी उगवलेल्या त्या पिंपळाची मुळंसुद्धा कोयत्यानं खरवडून काढलीस, ते आख्ख्या गल्लीनं पाहिलं. उरलेला कठडा मी नंतर पाडून लोखंडी गज बसवून घेतले. तिथं आता हिरवं काडीभरही नाही. तरी दिवेलागणीला, वारा पडलेला असताना, वरून पिंपळाची पानं वाजतात. मी वर जाऊन बघतो. खाली येतो, पुन्हा वाजतात. कान तपासून आलो, कान चांगले आहेत. मी कुणाला सांगितलं नाही, तुलाच पहिल्यांदा लिहितोय. मला भीती वाटते.

तू त्या दिवशी म्हणालास, तुमच्या पोथीनं आईला मारलं. दोन वर्षं तू सांगत होतास की टाकीच्या पाइपाशी उगवलेलं ते रोप काढा, कठड्याला भेग गेलीय. दर वेळी मी सांगायचो, पिंपळ तोडायला माणूसच मिळत नाही. शेवटचे काही दिवस सोडले तर ते खरंही होतं. आपल्याकडं पिंपळाला हत्यार लावायला कोण तयार होतो? कुणी म्हणे मुळात हिंग भरा, कुणी म्हणे आधी त्याची मुंज लावा. मीही आतून सुटकेचा श्वास टाकायचो. ज्या तोंडानं कुऱ्हाड चालवायला सांगत होतो, त्याच तोंडानं मी हेही सांगितलं होतं की पिंपळ तोडणाऱ्याचा वंश बुडतो. ऐकणाऱ्यांनी दोन्हीला माना डोलवल्या होत्या.

पण शेवटी माणूस मिळाला होता. हे मी तुझ्यापासून लपवलं. श्रावण संपल्यावर कुंभारीचा सिद्धू गवंडी शिडी, कोयता घेऊन आला. तुझ्या आईनंच त्याला बाजारात गाठून बोलावलं होतं. दोघं गच्चीत गेलो. सिद्धू म्हणाला, सर, पहिला घाव घरच्या कर्त्याचा. तुमी एक घाव घाला, मग पुढचं माजं. मी काय पयला हात लावणार न्हाय. त्यांच्यात तशी रीत आहे, पाप घरधन्याच्या माथी राहावं म्हणून. मला काही गैर वाटलं नाही. मी कोयता हातात घेतला. रोप कमरेएवढं झालं होतं, पानं तांबूस, कोवळी. हात वर केला आणि खाली आणवेना. मी कोयता सिद्धूला परत दिला आणि म्हणालो, दोन महिन्यांनी ये. तुझी आई जिन्याच्या तोंडाशी उभी होती. तिनं कारण विचारलं नाही, तिला ठाऊक होतं. म्हणाली, बरं केलंत. दोन महिन्यांत काय होतंय.

बारा दिवसांनी झालं. परतीच्या पावसानं दोन दिवस झोडपलं, तिसऱ्या सकाळी लख्ख ऊन पडलं म्हणून ती शेंगा वाळत घालायला मागच्या अंगणात गेली. मी आत वाचत होतो. धडाड आवाज आला. मला वाटलं, शेजारच्या बांधकामावर विटांचा ट्रॅक्टर रिकामा केला. मी वैतागलो. हातातलं पान पुरं वाचलं, खुणेची दोरी ठेवली आणि मग उठलो. अंगणात कठडा तिच्या अंगावर कोसळला होता. ते एक पान, सुबोध. डॉक्टर म्हणाले, लगेच पोचला असतात तरी फरक पडला नसता. डॉक्टर तसं म्हणतातच.

आता तू विचारशील, दोन महिने कशासाठी मागितले. सिद्धू यायच्या आदल्या दिवशी उत्कर्षाचा फोन आला होता, आठवा लागला म्हणून. त्याआधी दोनदा गर्भ राहून गेला होता, आणि त्या दोन्ही वेळी तुझी आई देवापुढं कशी बसून राहायची ते मी पाहिलं होतं. कोयता उचलला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं ना पोथी होती ना पिंपळ. तुझं बाळ होतं. ते जन्मेपर्यंत थांबायचं आम्ही दोघा नवराबायकोंनी ठरवलं, कारण एकमेकांना न सांगता. हे तुला कधीच सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. उर्वीकडं बघताना तुला तो कठडा आठवू नये, एवढंच मनात होतं. त्यापेक्षा तू मला पोथीतला किडा समजून तोंड फिरवलेलं मला चालत होतं. पण आता त्याच लेकरासाठी मी पुन्हा थांब म्हणालोय आणि या वेळी तूही घाबरून माझं ऐकतोयस. आई गेल्यावर माणूस भितो, मला कळतं. तरी ऐकू नकोस. उर्वीसाठी थांबून मी तुझी आई घालवली. आता थांबून तिलाही घालवलं तर तुझ्या आईला मी कुठल्या तोंडानं भेटू? वर्षाचं, तिथीचं, सगळं मी माझ्या माथ्यावर घेतो. पत्र वाचून झालं की आधी दवाखान्यात फोन लाव आणि चौदा तारीख परत माग. मला नंतरही नाही केलास तरी चालेल.

तुझाच,
आबा