फोटो घेऊ का?

गुरु., ८ जाने.
दिवाळीपासून या वहीला हात लावला नाही, माफी. लिहिण्यासारखं नव्हतं असं नाही. निव्वळ आळस.

आजपासून इथेच, यवतमाळात, चार दिवसांची फोटोग्राफी कार्यशाळा. अकरा वर्षं मी फक्त पक्षी टिपले. तलावाकाठी दडून, लांब पल्ल्याची लेन्स लावून. अनोळखी माणसाचा चेहरा एकदाही नाही. शिकवणारे राठोड सर माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, बंजारा तांड्यावर वाढलेले. माझे खंड्या-बगळे पाहून म्हणाले, "भारी हायेत मॅडम. पन यातल्या एकानं तरी तुमाले विचारलं का, कायले काढून राह्यली म्हून?" सगळे हसले, मीही.

उद्या छोटी लेन्स. माणसाजवळ जायचं, विचारून काढायचा. रविवारी चारला प्रदर्शन. प्रत्येकाचा एकच फोटो, माणसाचाच.

मी लाजाळू आहे असं सांगत आले. खरं तर कुणी नाही म्हणेल याची भीती.

शुक्र., ९
बोरी अरबजवळचा तांडा. सर पाऊण तास नुसते बसले, कॅमेरा पिशवीतच. सोनाबाई म्हणून एक म्हाताऱ्या बाई आहेत, त्यांना सर 'याडी' म्हणतात, म्हणजे आई. मग कॅमेरा त्यांच्याच हातात दिला. "आधी माहा काढ." त्यांनी काढला. "याडी, माहं डोस्कं कुठी गेलं?" "घरी ठेवून आला असशीन!" असं काम करणारा माणूस मी पाहिला नव्हता.

माझी पाळी. एसटीत घोकलेलं वाक्य म्हटलं, "आजी, मी तुमचा फोटो घेऊ का?"

"घे न." आत गेल्या, प्लास्टिकच्या पिशवीतून दोन पासपोर्ट साइज फोटो आणून माझ्या हातावर ठेवले. वर आधारची झेरॉक्स. "दोन पुरतीन का? फारम कायचा हाय?"

सर हसत म्हणाले, "याडी, बाई फोटो काढाले आल्या."

"मंग काढू का म्हन न, बाई! घेऊ का म्हन्ते!"

ओढणी बदलून आल्या. खाटेवर ताठ, ओठ मिटून. काढला. त्या पासपोर्टवाल्यासारखाच आला.

नंतर... हे लिहायलाच हवं. पाणी प्यायच्या निमित्ताने बाजूला झाले. सरांनी लांबची लेन्स आणू नका म्हटलं होतं, मी आणली होती. सोनाबाई शेजारणीला माझी फजिती सांगत होत्या. डोक्यावर हात, दात नसलेलं तोंड उघडं, सगळं अंग हसतंय. दाबलं बटण. कुणाला कळलं नाही.

शनि., १०
दोन्हीचे प्रिंट आणले. चोरून काढलेला माझ्या अकरा वर्षांतला सर्वांत चांगला फोटो. खोटी नम्रता नको.

सरांना सगळं सांगितलं. बराच वेळ पाहिला त्यांनी. "जबरदस्त आला मॅडम." पोहे खाता खाता पुढे, "पन तो पयला याडीनं देल्ला. हा तुमी घेतला." आवाजात राग नाही, उपदेशही नाही.

"मग कोणता लावू?"

"मले कायले विचारता?"

दुपारभर पहिल्या फोटोसमोर बसले. ओढणीची आरशांची किनार कपाळावर बरोबर. हात गुडघ्यांवर, एकसारखे. पंधरा मिनिटं आत होत्या. आपण कसं दिसायचं ते ठरवून त्या बसल्या, आणि मी त्याला काल 'ताठ' म्हटलं. केवढी ऐट आहे त्या बसण्यात! पण दुसऱ्यातलं हसूही त्यांचंच ना? की मी स्वतःची समजूत घालतेय? दाखवला आणि नको म्हणाल्या तर पुसून टाकावा लागेल. टाकीन का?

उद्या: सकाळच्या दारव्हा एसटीने तांड्यावर जाऊन सोनाबाईंना दुसरा फोटो दाखवणे.